रिफ्लेक्टर जाकीट: घेताना काय बघायचं, बाद कधी करायचं?

स्लॅबवरचा

नमस्कार मंडळी.

साइटवरच्या स्टोअरसोबत आता सुरक्षेच्या सामानाची जबाबदारीही माझ्याकडे आली आहे. हेल्मेट, बूट, हातमोजे यांतलं थोडंफार कळतं. रिफ्लेक्टर जाकिटाचं मात्र मी आजवर 'पोपटी आहे, पट्ट्या आहेत, झालं' एवढंच बघत आलो. ते चुकलं.

मागच्या आठवड्यात दिवस मावळताना एक ट्रान्झिट मिक्सर, म्हणजे काँक्रीट आणणारी गाडी, मागे येत होता. आमचा एक हेल्पर पंपाच्या पाइपाशी वाकून क्लॅम्प लावत होता. पलीकडच्या फिटरने ओरडून पत्र्यावर हातोडा आपटला म्हणून ड्रायव्हरने ब्रेक मारला. चाक आणि पोरगा यांच्यात दीड-दोन हात अंतर राहिलं होतं. ड्रायव्हर खाली उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. एकच वाक्य परत परत म्हणत होता, "मला तो दिसलाच नाही."

जाकीट पोराच्या अंगात होतं. चेनसुद्धा लावलेली होती.

रात्री ते जाकीट मी टेबलावर पसरून बघितलं. खांद्यावरचा पोपटी रंग उडून वाळल्या गवतासारखा झाला होता. खिशाची झडप उचलली तर तिच्याखाली मूळ रंग तसाच, डोळ्यांत भरणारा. खालच्या पट्टीवर सिमेंटचं पाणी वाळून पापुद्रे धरले होते. नख फिरवलं तर पट्टीचा चंदेरी थर भुकटीसारखा नखाला लागला. हेच जाकीट दोन महिन्यांपूर्वी मी 'अजून चालेल' म्हणून परत वापरायला दिलं होतं.

आता नवीन खरेदी करायची आहे. रंग कोणता, जाळीचं की सलग कापडाचं, किती वेळा धुवायचं, कधी टाकून द्यायचं, जे माहीत असेल ते सगळं सांगा.

सेफ्टीताई

दादा, पोरगं वाचलं हे सगळ्यात मोठं. आणि जाकीट टेबलावर पसरून बघितलंत हे फार बरं केलंत, बहुतेक ठिकाणी ते कुणीच करत नाही.

आधी एक गोष्ट पक्की करू. जाकिटात दोन वेगळ्या वस्तू असतात आणि त्या दोन वेगळ्या वेळांना कामाला येतात. पोपटी किंवा नारिंगी कापड फ्लोरोसंट असतं. उन्हातले आपल्याला न दिसणारे अतिनील किरण ते शोषून घेतं आणि दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतं. ढगाळ दिवशी किंवा तिन्हीसांजेला ते उलट जास्तच उठून दिसतं, कारण आजूबाजूचं सगळं मंदावलेलं असतं. पण अंधार पडला की या कापडाचा उपयोग संपला. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली तर ते चक्क मळकट दिसतं, कारण त्या दिव्यात कापडाला लागणारे किरणच नसतात.

चंदेरी पट्टी रात्रीची. तिच्यात काचेचे अगदी बारीक मणी असतात आणि मण्यांच्या मागे ॲल्युमिनियमचा थर. काही पट्ट्यांत मण्यांऐवजी सूक्ष्म प्रिझम असतात. दोन्ही प्रकारांत प्रकाश जिकडून आला तिकडेच परत जातो.

तुमच्या पोराच्या जाकिटाचं कापड उन्हाने खाल्लं होतं आणि पट्टी सिमेंटने. म्हणजे दिवसाचंही गेलं, रात्रीचंही गेलं. खिशाच्या झडपेखालचा रंग बघितलात ना, तीच तुमची कायमची तपासणी समजा. झडपेखालचा आणि खांद्यावरचा रंग लांबून वेगळा दिसायला लागला की जाकीट बाद.

खरेदीबद्दल. कॉलरजवळच्या किंवा आतल्या लेबलवर जाकिटाचं छोटं चित्र आणि त्याच्या बाजूला एक आकडा शोधा. आयएसओ २०४७१ या मानकाप्रमाणे तो आकडा म्हणजे वर्ग. पहिल्या वर्गाला फ्लोरोसंट कापड किमान ०.१४ चौरस मीटर आणि पट्टी ०.१० लागते. दुसऱ्याला ०.५० आणि ०.१३. तिसऱ्याला ०.८० आणि ०.२०. पट्टीची रुंदी निदान ५० मिमी हवी. टेप लावून मोजा, बाजारात बोटभर रुंदीच्या शोभेच्या पट्ट्यांचीही जाकिटं असतात. चित्राजवळ एकाऐवजी दोन आकडे दिसले तर लेबल ईएन ४७१ या जुन्या मानकाचं आहे. ते २०१३ मध्ये मागे पडलं, तेव्हा तो माल इतकी वर्षं कुठे आणि कसा पडून होता ते विचारा.

अमेरिकेच्या अँसी १०७ या मानकात वर्गाच्या आधी एक अक्षर येतं. ओ म्हणजे रस्त्याच्या रहदारीपासून दूरचं काम, आर म्हणजे रस्त्यालगतचं, पी म्हणजे पोलीस आणि अग्निशमन वगैरे.

नवखा_इंजिनियर

म्हणजे सरळ सगळ्यांना तिसरा वर्ग घेतला की प्रश्नच नको, असं करता येईल का?

सेफ्टीताई

नुसतं बिनबाह्यांचं जाकीट आयएसओ २०४७१ नुसार तिसऱ्या वर्गात बसतच नाही. त्या वर्गाला छाती-पोट-पाठ झाकलेली लागते आणि शिवाय पट्ट्या असलेल्या बाह्या किंवा पट्ट्या असलेली पूर्ण लांबीची पॅन्ट. तेव्हा बिनबाह्यांच्या जाकिटावर कोणी 'वर्ग ३' लिहून हे मानक सांगत असेल तर तो माल घेऊ नका. दुसऱ्या वर्गाचं जाकीट आणि पट्ट्यांची पॅन्ट अशी जोडी मिळून तिसऱ्या वर्गाची ठरू शकते, पण ते उत्पादकाने तपासून लेबलवर लिहिलेलं असलं पाहिजे.

केबिनमधून

मी आधी डंपर चालवायचो, आता पोकलेन. एकूण अठरा वर्षं. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो, कारण जाकीट घेणारा आणि घालणारा दोघंही ते जमिनीवरून बघतात. ते आमच्यासाठी असतं. एकदा आमच्या सीटवर बसून बघा.

मिक्सर मागे घेताना ड्रायव्हर बघतो आरशात. आरसा धुळीने भरलेला, इंजिनाने थरथरतोय. मागचे दिवे गाडीच्या शेपटाला आणि ड्रायव्हरचा डोळा तिथून सात-आठ मीटर पुढे, वर, केबिनमध्ये. सेफ्टीताईंनी लिहिलं की पट्टी प्रकाश जिकडून आला तिकडे परत देते. मग विचार करा. मागच्या दिव्याचा प्रकाश पट्टीवर पडला तर तो मागच्या दिव्याकडे परत जाणार, ड्रायव्हरच्या आरशाकडे नाही. रिव्हर्समध्ये नवी कोरी पट्टीसुद्धा आम्हाला राखाडी फडक्यासारखी दिसते. रस्त्यावर समोरून येणाऱ्या मोटारीचं गणित वेगळं. तिथे हेडलाइट आणि ड्रायव्हरचा डोळा जवळजवळ असतात आणि माणूस लांब असतो, म्हणून पट्टी पेटल्यासारखी दिसते. गाडी जितकी उंच आणि माणूस जितका जवळ, तितकी पट्टी आमच्यासाठी विझत जाते. आम्ही माणसाला दाबतो ते जवळच्याच अंतरात.

मागचा कॅमेरा रिव्हर्सच्या दिव्याला लागून बसवलेला असेल तर त्यात मात्र पट्टी लख्ख दिसते. हा फरक मी रोज बघतो.

अजून एक. तुमचा पोरगा वाकलेला होता ना? वाकलेल्या माणसाचं जाकीट आकाशाला दिसतं. मागून येणाऱ्या गाडीला दिसते त्याची पॅन्ट.

स्लॅबवरचा

केबिनमधून, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. काळी पॅन्ट होती. आणि तो पाइपाकडे तोंड करून, मिक्सरकडे पाठ करून पूर्ण वाकलेला होता. जाकीट नवं असतं तरी ड्रायव्हरला दिसला नसता, असंच ना?

केबिनमधून

नवं असतं तर थोडी आशा होती. कमरेजवळचा पट्टा आणि कापडाची कड मागून दिसली असती, अजून उजेडही होता. पण भरवसा ठेवण्यासारखं नाही. मागे येणाऱ्या गाडीच्या वाटेत माणूस नसणं हाच इलाज. सिग्नलमन उभा करायचा, आणि तो मला आरशात दिसेल अशा जागी. तो दिसेनासा झाला की मी गाडी जागेवर थांबवतो, मग खालून कोणी कितीही ओरडो. जाकीट त्याच्यानंतर.

रात्रपाळी

रस्त्यावर रात्रीचं डांबरीकरण करतो, त्यामुळे माझा अनुभव मुख्यतः समोरून येणाऱ्या रहदारीचा.

ताशी ६० किमी वेगाची गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर येते. ड्रायव्हरला आपण दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच संपले, गाडी थांबायला त्याच्या पुढे आणखी लागतात. म्हणून माझ्या माणसांना सांगतो, तुम्हाला गाडी दिसली म्हणजे गाडीवाल्याला तुम्ही दिसलात असं धरू नका. हेडलाइट आपल्याला फार लांबून दिसतात, आपण त्याला तितक्या लांबून दिसत नाही.

आता पॅन्टच्या मुद्द्यावर. नुसत्या जाकिटाची पट्टी रात्री लांबून हवेत तरंगणाऱ्या चौकोनासारखी दिसते. बॅरिकेडलाही तशाच पट्ट्या, रस्त्यावर ठेवतात त्या शंकूच्या आकाराच्या कोनलाही तशाच. ड्रायव्हरला काहीतरी चमकलं हे कळतं, माणूस आहे हे कळायला उशीर होतो. पण घोट्याला, गुडघ्याला आणि मनगटाला पट्ट्या असल्या की चालताना त्या हलतात आणि बघणाऱ्याला क्षणात कळतं की हा माणूस आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये हे दाखवलं होतं: अंधारात माणसाच्या सांध्यांवर फक्त ठिपके उजळवले आणि तो चालायला लागला की बघणारे लगेच ओळखतात. तो बसून राहिला तर ठिपक्यांचा अर्थच लागत नाही. आम्ही पट्ट्यांच्या पॅन्ट घेतल्या. त्या येईपर्यंत घोट्याचे आणि दंडाचे वेलक्रोवाले पट्टे वापरले, त्यांनीसुद्धा फरक पडला.

पावसाचंही सांगतो. साध्या मण्यांच्या पट्टीवर पाणी साचलं की तिची चमक बरीच उतरते, कारण पाण्याच्या थरात प्रकाश नीट वळत नाही. प्रिझमच्या बऱ्याच पट्ट्या पावसात जास्त टिकून राहतात. आणि रेनकोट जाकिटाच्या वर घालू देऊ नका. एकतर रेनकोटच पट्ट्यांचा घ्या, नाहीतर जाकीट रेनकोटवर बसेल एवढं मोठं घ्या. पहिल्या पावसात आमची अर्धी गँग निळ्या-काळ्या रेनकोटात गायब झाली होती, ते दृश्य मी विसरलेलो नाही.

नवखा_इंजिनियर

एक शंका. आमच्या साइटवर रात्री मोठे टॉवर लाइट असतात, दिवसासारखा उजेड. मग पट्टी चमकायला काय अडचण?

रात्रपाळी

टॉवर लाइटचा प्रकाश पट्टीवरून टॉवरकडेच परत जातो. टॉवरवर चढून बसलात तर सगळी माणसं चमकताना दिसतील. गाडीवाल्याला चमक हवी तर प्रकाश त्याच्याच दिव्यातून जायला हवा. टॉवर लाइटखाली माणूस दिसतो तो नेहमीच्या उजेडात कोणतीही वस्तू दिसते तसा, म्हणून तिथे कापड स्वच्छ आणि उजळ असणं जास्त महत्त्वाचं. आणि टॉवरचा झोत गाडीवाल्याच्या डोळ्यांत जात असेल तर आधी तो फिरवा. डोळे दिपल्यावर जाकीट कोणत्याही वर्गाचं असो, दिसत नाही.

मावळतीचा सूर्य माणसाच्या मागे असतानाही हेच होतं. माणसाची नुसती काळी आकृती दिसते, रंग दिसतच नाही.

रूळ_आणि_खडी

रंगाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमचं काम रुळांच्या दुरुस्तीचं.

दिवसाच्या उजेडात माणसाचा डोळा पोपटी-पिवळ्या भागाला, साधारण ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, सर्वात संवेदनशील असतो. म्हणून पोपटी जाकीट सगळ्यात उजळ वाटतं. पण उजळ असणं पुरेसं नाही, मागच्या दृश्यातून वेगळं उठून दिसलं पाहिजे. झाडी, गवत, शेत मागे असेल तर पोपटी त्यात मिसळतं आणि नारिंगी सुटून दिसतो. जिथे कोन नारिंगी, बॅरिकेड नारिंगी, तिथे पोपटी बरा. मशीन पिवळी असतील तर पिवळ्याकडे झुकणाऱ्या पोपट्याचा परत विचार करा. साइटचा फोटो काढा आणि त्यात कोणता रंग नाही ते बघा, तो घ्या.

रुळांवर बऱ्याच देशांत नारिंगी वापरतात, कारण पिवळा-हिरवा सिग्नलच्या रंगात गल्लत करू शकतो. नारिंगी जाकिटाची रेल्वेतली सुरुवातही जुनी आहे. १९६४ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या स्कॉटिश विभागाने ग्लासगोमध्ये, नुकत्याच विजेच्या झालेल्या मार्गावर, पोलोकशील्ड्स ते एग्लिंटन स्ट्रीट या टप्प्यात रुळांवरच्या माणसांना नारिंगी फ्लोरोसंट जाकिटं देऊन बघितली. त्यांना 'फायर-फ्लाय' म्हणत, म्हणजे काजवे. विजेच्या गाड्या आधीच्यांपेक्षा वेगवान होत्या, आणि ड्रायव्हरला माणसं लांबून दिसतात का हे बघायचं होतं. साठ वर्षांपूर्वीसुद्धा प्रश्न केबिनमधूनच विचारला होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

निळं, गुलाबी, काळं कापड आणि त्यावर पट्ट्या अशी जाकिटं पाहुण्यांसाठी किंवा सुपरवायझर ओळखू यावा म्हणून देतात. ओळखीसाठी ठीक, पण ते रंग मानकात बसत नाहीत. आयएसओ २०४७१ मध्ये पिवळा (म्हणजे आपला पोपटी), नारिंगी-लाल (म्हणजे आपला नारिंगी) आणि लाल हे तीनच रंग आहेत. माणसाचा हुद्दा दाखवायचा तर हेल्मेटचा रंग बदला.

वाचत_असते

वाचनखूण साठवली. माझा भाऊ अशाच साइटवर आहे, त्याला आज रात्री हा धागा पाठवते.

टाका_दोरा

आमच्याकडे कामाचे कपडे शिवणं आणि धुणं दोन्ही चालतं. जाकिटं खराब होतात त्यातली निम्मी कामाने आणि निम्मी चुकीच्या धुण्याने, असं इतक्या वर्षांत माझं मत झालं आहे.

पट्टीमागे ॲल्युमिनियम असतं हे वर आलंच आहे. ॲल्युमिनियमला क्षार चालत नाहीत. ओलं सिमेंट, धुण्याचा सोडा, कडक पावडर या सगळ्यांनी ते काळपट पडतं आणि मग पट्टी कायमची मरते, घासून परत येत नाही. म्हणून ओलं काँक्रीट उडालं तर ते वाळायच्या आत साध्या पाण्याने धुऊन टाका. वाळल्यावर खरवडलंत की सिमेंटबरोबर मणीही निघतात. तुमच्या नखाला लागलं ते हेच.

धुताना आधी चेन किंवा वेलक्रो लावून घ्या, नाहीतर वेलक्रोचे दात पट्टी ओरबाडतात. जाकीट उलटं करा. सौम्य साबण, लेबलवर असेल तेवढंच तापमान, बहुतेकांवर ४० अंश असतं. ब्लीच नाही, त्याने फ्लोरोसंट रंग उडतो. कपडे मऊ करणारं लिक्विड नाही, त्याचा चिकट थर पट्टीवर बसतो. पट्टीवर ब्रश नाही, ओल्या मऊ फडक्याने पुसायची. इस्त्री पट्टीवरून फिरवायची नाही. पिळायचं नाही, पट्टीला जिथे घडी पडते तिथे ती तडकते. आणि वाळत घालायचं सावलीत. लोक दिवसभर उन्हात वापरलेलं जाकीट धुऊन परत दिवसभर उन्हात टाकतात, मग रंग उडाला म्हणतात.

गाडीच्या काचेमागे किंवा सीटच्या पाठीला जाकीट घालून ठेवायची सवय आहे ना, तीही मोडा. न वापरताच त्याचं ऊन भरत राहतं.

गेट_क्र_२

ताई, पण लेबलवर 'कमाल २५ धुण्या' असं असतं. म्हणजे जितकं कमी धुऊ तितकं जास्त टिकेल. आम्ही म्हणून महिन्यातून एकदाच धुतो.

टाका_दोरा

तो आकडा म्हणजे प्रयोगशाळेत तेवढ्या धुण्यांनंतरही पट्टीने किमान चमक दिली, एवढाच. तेवढे महिने चालेल असा तो शब्द नाही आणि धुणं टाळायचं कारणही नाही. मळलेलं जाकीट आजच निकामी आहे, ते पंचविसाव्या धुण्याची वाट बघत नाही. तेल-ग्रीस मुरलेलं असेल तर ते पेट घ्यायलाही सोपं होतं. प्रत्येकाला दोन जाकिटं द्या, एक अंगात, एक धुण्यात. मळलं की धुवा, आणि धुण्यांची नोंद आतल्या लेबलाशेजारी कायमच्या शाईच्या पेनने रेघा मारून ठेवा.

सेफ्टीताई

टाका_दोरा यांना पूर्ण अनुमोदन. मानकातले आकडेही हेच सांगतात. नव्या पट्टीची परावर्तनाची क्षमता ठरलेल्या कोनात किमान ३३० लागते, आणि घासणं, दुमडणं, धुणं, पाऊस या चाचण्यांनंतर किमान १००. एकक कँडेला प्रति लक्स प्रति चौरस मीटर. म्हणजे चमक तिसऱ्या हिश्श्याखाली उतरलेली पट्टी चालत नाही. साइटवर मीटर कोणाकडे नसतो, पण तुलना करता येते. खरेदीतलं एक जाकीट बाहेर न काढता काळ्या पिशवीत बंद ठेवा, तो तुमचा नमुना. अंधारात नमुना आणि वापरातलं जाकीट शेजारी टांगून वीस-तीस पावलांवर उभे राहा, टॉर्च डोळ्याच्या अगदी बाजूला, कानशिलाला टेकवून धरा. टॉर्च छातीशी धरून उपयोग नाही, प्रकाश छातीकडेच परत येईल. मोबाइलचा फ्लॅश कॅमेऱ्याच्या शेजारीच असतो, तेव्हा फ्लॅशने फोटो काढलात तरी चालेल, शिवाय नोंद राहते. दोघांतला फरक लगेच डोळ्यांत येत असेल तर काढून टाका.

पाठीवर नाव छापण्याबद्दलही बोलते, कारण खरेदी करताना हे येतंच. छापलेली जागा फ्लोरोसंट क्षेत्रात मोजायची नसते. जेमतेम ०.५० चौरस मीटर असलेल्या जाकिटावर मोठ्ठं नाव छापलं की ते दुसऱ्या वर्गातून खाली येतं. छपाईनंतर किती क्षेत्र उरतं ते ऑर्डर देतानाच लिहून मागा.

ठिणगी

वेल्डिंग आणि गॅस कटिंग करणाऱ्यांनी हे नक्की वाचा. साधं जाकीट पॉलिस्टरचं असतं. ठिणगी पडली की ते वितळतं आणि वितळलेलं पॉलिस्टर कातडीला चिकटतं. माझ्या डाव्या मनगटावर रुपयाएवढा डाग आहे तो त्याचाच, आणि ते जाकीट मला 'सेफ्टी' म्हणूनच दिलेलं होतं. आमच्या कामाला आग न धरणारं, आयएसओ ११६११ किंवा ११६१२ सारख्या मानकाचं कापड लागतं, आणि पट्टीही त्याच प्रकारची. ज्वालारोधक शर्टावर साधं पॉलिस्टर जाकीट घातलं तर आतल्या शर्टाचा फायदा जातो.

फिरत्या शाफ्टजवळ, कन्व्हेयरजवळ काम करणाऱ्यांनी खांदे, बगला आणि समोर वेलक्रोने सुटणारं जाकीट घ्यावं. अडकलं तर जाकीट जाईल, माणूस राहील.

गेट_क्र_२

हार्नेसवाल्यांनी, म्हणजे उंचीवर अंगाला पट्टा बांधून काम करणाऱ्यांनी, काय करायचं? आमच्याकडे रोज वाद होतो. जाकीट वर घातलं तर हुक अडकवायची मागची कडी झाकली जाते, हार्नेस वर घातला तर पट्ट्या झाकल्या जातात.

सेफ्टीताई

पाठीवर कडीसाठी शिवलेली फट असलेलं जाकीट मिळतं. हार्नेस आतून, कडी फटीतून बाहेर. स्वतः ब्लेडने भोक पाडू नका. आणि साधं जाकीट हार्नेसवर घालून कडी झाकू तर अजिबात नका, घाईत माणूस हुक भलतीकडे अडकवतो.

जाळीचं की सलग, हा मूळ प्रश्न राहिलाच. उकाड्यात जाळीचं अंगावर राहतं आणि सलग कापडाचं काढून खांद्यावर टाकलं जातं, तेव्हा जाळीला मी नाही म्हणणार नाही. फक्त जाळीतून आतला काळा शर्ट दिसतो आणि रंग मंदावतो, म्हणून आत फिकट शर्ट. सळ्या बांधणाऱ्यांना मात्र सलग कापडच द्या, सळईची टोकं जाळीत अडकतात.

ठिणगीदादांनी लिहिलेली दोन मानकं काही जण उलटसुलट करतात म्हणून एवढा खुलासा: उष्णता आणि ज्वालेपासून संरक्षणाचं मानक आयएसओ ११६१२, आणि खास वेल्डिंगच्या कपड्यांचं ११६११. काम वेल्डिंगचं असेल तर लेबलवर ११६११ शोधा.

ठिणगी

बरोबर, वेल्डिंगला ११६११. धन्यवाद ताई.

स्लॅबवरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर या धाग्याप्रमाणेच काम केलं, ते लिहितो.

परवा रात्री सगळी जाकिटं तारेवर टांगली आणि नमुन्याशेजारी एकेक बघितलं. ४६ पैकी १९ काढली. आणखी सात पुसून, धुऊन सुधारली. बाद केलेली पाठीतून उभी कापली, नाहीतर कोणीतरी परत अंगात घालतं. काही जाकिटं खुणेसाठी खड्ड्याजवळच्या खुंट्यांवर अडकवलेली होती, तीही उतरवली. रोज खुंट्यावर जाकीट बघून ड्रायव्हरचा डोळा सरावतो आणि एक दिवस तिथे खरंच माणूस असतो.

खरेदी दुसऱ्या वर्गाची नारिंगी, कारण आमच्या मागे टेकडी आणि झाडी आहे. पंपावरच्या आणि गेटवरच्या माणसांना पट्ट्यांची पॅन्टही. मापं तीन मागवली. एकच मोठं माप घेतलं की बारीक पोरं जाकीट मागून गाठ मारून घालतात आणि पट्टी गाठीत जाते.

मिक्सरची वाट बदलली. पंपाजवळ बॅरिकेड लावून गाडीची आणि माणसांची बाजू वेगळी केली आणि सिग्नलमनची जागा चुन्याने आखली, ड्रायव्हरला आरशात विचारून.

आणि काल टूलबॉक्स टॉकऐवजी, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीऐवजी, एकेकाला मिक्सरच्या केबिनमध्ये बसवलं. तो हेल्पर सगळ्यात शेवटी चढला. मी त्याच्या जागी, पाइपाशी, नवं जाकीट घालून उभा राहिलो. तो म्हणाला, दिसताय. मग मी क्लॅम्प लावायला वाकलो. वरून काहीच आवाज आला नाही. थोड्या वेळाने तो खाली उतरून पाइपापर्यंत चालत आला, आरशाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "साहेब, वाकलात तेव्हा तिथे नुसता पाइप होता."

केबिनमधून

पॅन्ट आल्या की त्यालाच पहिली द्या. आणि पॅन्ट घालून परत एकदा वाका, तो केबिनमध्ये असताना. काय दिसलं ते इथे लिहा.

स्लॅबवरचा

शनिवारी येताहेत. लिहितो.